परिचारिकांना औषधं लिहून देण्याचा अधिकार: संशोधन कुठवर आलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधाचे विषय ठरायला लागले की हा विषय दरवर्षी कुणीतरी पुढे आणतंच. मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, हिंगणा रोडवरची खासगी रुग्णालयं, सगळीकडच्या सिस्टर आणि ब्रदर साधारण तेच प्रश्न विचारतात. रामटेक-उमरेडकडच्या उपकेंद्रांतून सीएचओ (सामुदायिक आरोग्य अधिकारी) विचारतात, कधी रुग्णांचे नातेवाईकही. नर्सिंग शिकवताना दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच मांडलं आहे.

परदेशात परिचारिका औषधं लिहितात म्हणजे डॉक्टरांसारखी सगळीच लिहितात का?

काही देशांत जवळजवळ सगळी, बहुतेक देशांत ठरावीकच. पद्धती मुख्यतः तीन आहेत.

पहिलीत परिचारिका स्वतः तपासते, निदान करते आणि स्वतःच्या सहीने औषध लिहिते. ब्रिटनमध्ये स्वतंत्र प्रिस्क्रायबरची पात्रता मिळवलेल्या परिचारिका आणि अमेरिकेतल्या नर्स प्रॅक्टिशनर या गटात येतात. अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत नर्स प्रॅक्टिशनरना औषधं लिहिता येतात. डॉक्टरांशी करार लागतो की नाही, एवढं राज्याराज्यांत वेगळं आहे.

दुसरीत निदान डॉक्टरांचं असतं. रुग्णासाठी लेखी उपचार-आराखडा ठरतो आणि त्या चौकटीत परिचारिका मात्रा कमीजास्त करते, औषध बदलते, पुढच्या महिन्याचं लिहून देते. तिसरीत औषधांची यादी आणि नियमावली आधीच ठरलेली असते. अमुक लक्षणं असलेल्या, तमुक वयाच्या रुग्णाला हे औषध एवढ्या मात्रेत द्यायचं, त्यापलीकडे गेलं की डॉक्टरांकडे पाठवायचं. जपानने 2015 पासून डॉक्टरांनी आधी लिहून ठेवलेल्या सूचनांनुसार ठरावीक कामं करण्यासाठी परिचारिकांना खास प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. तेही याच कुळातलं.

आपल्याकडे वाद पेटतो तेव्हा दोन्ही बाजू पहिल्या पद्धतीवरच भांडतात. भारतासाठी बोलायचं तर दुसरी आणि तिसरीच आधी बोलायला हवी, असं माझं मत आहे.

सुरुवात कुठून झाली?

अमेरिकेत 1970 च्या दशकापासून राज्याराज्यांत कायदे होत गेले. संशोधनाच्या दृष्टीने मात्र ब्रिटनचा प्रवास जास्त बोलका आहे, कारण तिथे प्रत्येक पायरीवर थांबून तपासणी झाली.

1986 मध्ये ज्युलिया कम्बरलेज यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अहवाल दिला. घरोघरी जाणाऱ्या परिचारिका जखमेच्या ड्रेसिंगसारख्या साध्या गोष्टींसाठीसुद्धा डॉक्टरांच्या सहीची वाट बघत बसतात आणि त्यात त्यांचा नि रुग्णांचा वेळ वाया जातो, हे त्यातलं निरीक्षण. 1989 मध्ये पुढचा अहवाल, 1992 मध्ये कायदा आणि 1994 मध्ये मोजक्या ठिकाणी प्रायोगिक अंमलबजावणी. यादी सुरुवातीला अगदी छोटी होती. मग ती वाढवत नेली आणि 2006 मध्ये पात्र परिचारिकांना जवळजवळ सगळी औषधं खुली झाली. नियंत्रित मादक औषधांवरचे बरेचसे निर्बंध 2012 मध्ये उठले. अहवालापासून इथवर पोहोचायला पाव शतक लागलं. ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या संघटनेने 2006 च्या निर्णयाला जाहीर विरोध केला होता, हेही सांगायला हवं. विरोध फक्त भारतातच होतो असं नाही.

स्वीडनमध्ये 1994 पासून, आयर्लंडमध्ये 2007 च्या नियमांनंतर, आणि पुढे फिनलंड, नेदरलँड्स, पोलंड, एस्टोनिया, स्पेन इथे वेगवेगळ्या मर्यादेत हा अधिकार आला. क्लाउडिया मायर यांनी 2019 मध्ये युरोपातल्या 13 देशांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातून दिसतं की प्रत्येक देशाने प्रशिक्षण, यादी आणि देखरेख यांचं गणित आपापल्या परीने मांडलं आहे.

संशोधनाचा कल कसा बदलत गेला?

विद्यार्थ्यांनी सगळ्यात आधी समजून घ्यावं ते हे. साहित्याचा आढावा लिहिताना बहुतेक जण निबंध सालवार रांगेत लावतात आणि प्रश्न कसा बदलला ते निसटतं.

आधीचा मोठा प्रश्न होता, ‘चालेल का?’ परिचारिकांना काय वाटतं, डॉक्टरांना काय वाटतं, रुग्ण समाधानी आहेत का. प्रश्नावल्या आणि मुलाखती. रुग्ण बहुधा समाधानीच निघाले, कारण परिचारिका जास्त वेळ देते, नीट समजावून सांगते. पण समाधान म्हणजे योग्य उपचार नव्हे, ही टीका रास्त होती.

मग प्रश्न आला, ‘डॉक्टरांच्या तुलनेत परिणाम कसे?’ इथे यादृच्छिक चाचण्या, म्हणजे कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे नशिबावर सोडणाऱ्या चाचण्या, महत्त्वाच्या ठरल्या. खरं तर कॅनडातल्या ओंटारियोमध्ये बर्लिंग्टन चाचणी 1974 मध्येच प्रसिद्ध झाली होती आणि न्यूयॉर्कमधला मंडिंगर आणि सहकाऱ्यांचा 1,316 रुग्णांचा अभ्यास 2000 मध्ये आला. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, पुन्हा दवाखान्यात येण्याचं प्रमाण अशा मोजता येणाऱ्या गोष्टी पुढे आल्या. त्याच सुमारास चिठ्ठीच्या गुणवत्तेचं मोजमापही सुरू झालं: औषध गरजेचं होतं का, मात्रा बरोबर होती का, दोन औषधांचा एकमेकांशी झगडा नाही ना. यासाठी ‘मेडिकेशन अप्रोप्रिएटनेस इंडेक्स’सारखी साधनं वापरली गेली.

आताचा प्रश्न वेगळा आहे. ‘कोणत्या परिस्थितीत हे नीट चालतं आणि कुठे कोलमडतं?’ पात्रता मिळवूनही काही परिचारिका औषधं लिहीतच नाहीत, त्या का थांबतात? वरिष्ठांचा पाठिंबा, सल्ल्यासाठी डॉक्टर हाताशी असणं, सतत शिक्षण, कामाचा बोजा, पगार, विमा यांचा काय परिणाम होतो? यासाठी प्रिस्क्रिप्शनच्या मोठ्या संगणकीय नोंदी आणि सखोल मुलाखती दोन्ही लागतात. अँटिबायोटिक्सचा वापर हा यातला एक ठळक धागा आहे, कमी उत्पन्नाच्या देशांतला अनुभव हा दुसरा.

आपल्याकडचे बरेच प्रबंध अजून पहिल्याच प्रश्नावर अडकलेले आहेत. ‘अमुक रुग्णालयातील परिचारिकांचा दृष्टिकोन’ या नावाखाली प्रश्नावली, चार तक्ते, काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्राची कसोटी. जगाने ज्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी शोधलंय तोच पुन्हा विचारण्यात मुलींचं एक वर्ष जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे सुरक्षित आहे की नाही, ते एकदा सरळ सांगा.

योग्य प्रशिक्षण, ठरलेली चौकट आणि डॉक्टरांचा आधार असेल तर दीर्घकालीन आजारांत परिणाम डॉक्टरांच्या बरोबरीचे येतात. या अटी काढून टाकल्या तर हे विधान उरत नाही.

आधार म्हणून कोक्रेन या, जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचे दोन आढावे वाचा. 2016 चा आढावा डॉक्टर नसलेल्यांनी औषधं लिहिण्याविषयी आहे. त्यात 46 अभ्यास आणि 37,337 सहभागी आहेत. 26 अभ्यास परिचारिकांचे, 20 औषधनिर्मात्यांचे. रक्तदाब, मधुमेहातली तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, औषधं नियमित घेणं, रुग्णांचं समाधान या बाबतींत डॉक्टरांच्या उपचारांशी तुलना करता निकाल बरोबरीचे होते. दुष्परिणाम आणि खर्च यांविषयीचा पुरावा मात्र तेवढा भक्कम नाही. 2018 च्या आढाव्यात प्राथमिक उपचारांत डॉक्टरांच्या जागी परिचारिकांनी काम केल्याच्या 18 यादृच्छिक चाचण्या होत्या. निकाल बरोबरीचे किंवा थोडे सरस, समाधान किंचित जास्त, पण प्रत्येक रुग्णाला लागणारा वेळही जास्त. आपल्या ओपीडीच्या रांगा डोळ्यासमोर आणा आणि हा वेळेचा मुद्दा विसरू नका.

मर्यादाही लिहा. अशा चाचण्यांतल्या परिचारिका अनुभवी आणि जादा प्रशिक्षण घेतलेल्या असतात. रुग्ण बहुधा गुंतागुंत नसलेले असतात. पाठपुरावा अनेकदा थोड्या काळाचा असतो. आणि 2016 च्या त्या 46 अभ्यासांपैकी 42 श्रीमंत देशांतले होते. उरलेले चार कोलंबिया, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि थायलंडचे.

श्रीमंत देशांचं ठीक आहे, पण जिथे डॉक्टरच कमी आहेत तिथला अनुभव काय?

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव बघा. एचआयव्हीच्या साथीत तिथे डॉक्टर पुरत नव्हते आणि एआरटी (एचआयव्हीवरचे विषाणूविरोधी उपचार) सुरू होण्याची वाट बघता बघता माणसं मरत होती. केपटाउन आणि जोहान्सबर्गमध्ये 812 रुग्णांची चाचणी झाली. परिचारिकांच्या देखरेखीखालचे उपचार डॉक्टरांच्या देखरेखीपेक्षा कमी प्रतीचे नाहीत, हा तिचा निकाल 2010 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. 2010 पासूनच परिचारिकांनी एआरटी सुरू करणं हे सरकारी धोरण झालं.

फ्री स्टेट प्रांतातली ‘स्ट्रेच’ चाचणी याहून शिकवणारी आहे. 31 दवाखाने घेतले. काही ठिकाणी परिचारिकांनी एआरटी सुरू करायची आणि पुढचं लिहायचं, काही ठिकाणी जुनी पद्धत. 2012 मध्ये निकाल आला. आधीपासून औषध घेणाऱ्यांमध्ये विषाणू दबलेला राहण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखं होतं. वाट पाहणाऱ्या रुग्णांच्या मृत्युदरात मात्र एकूण फरक पडला नाही. त्या काळात प्रांतात निधीअभावी नवे उपचार सुरू करणंच काही महिने थांबलं होतं, हे संदर्भासह वाचायला हवं. कपाटात औषध नसेल तर लिहिण्याचा अधिकार कुणाकडे आहे याने रुग्णाला फरक पडत नाही. आपल्या ग्रामीण रुग्णालयांत हे कुणाला पटवून सांगावं लागणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्येच कामं वाटून घेण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यातही प्रशिक्षण, देखरेख आणि कायदेशीर मान्यता एकत्र मागितली आहे.

भारतात आज कायदा काय म्हणतो?

परिचारिकेला स्वतःच्या सहीने शेड्यूल एचमधलं औषध लिहून देण्याचा सर्वसाधारण अधिकार नाही. 1945 च्या औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार ही औषधं नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच विकायची असतात आणि त्या व्याख्येत परिचारिका बसत नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 च्या कलम 32 मध्ये ‘सामुदायिक आरोग्य प्रदाता’ नावाचा मर्यादित परवाना आहे. प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक सेवेत ठरावीक औषधं स्वतंत्रपणे, बाकी ठिकाणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अशा परवान्यांची संख्या परवानाधारक डॉक्टरांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. पण कलमात परिचारिकांचं नाव नाही. ‘आधुनिक वैद्यकशास्त्राशी संबंधित व्यक्ती’ असा मोघम शब्दप्रयोग आहे आणि पात्रता नियमांवर सोडली आहे. ‘कायदा झालाय, आता आपल्याला लिहिता येतं’ असं व्हॉट्सॲपवर फिरतं ते चुकीचं आहे.

राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोग कायदा 2023 मध्ये आला आणि त्याने 1947 च्या परिषद कायद्याची जागा घेतली. त्याखाली येणाऱ्या नियमांवर परिचारिका संघटनांनी बारीक लक्ष ठेवायला हवं. नियम ठरून गेल्यावर निवेदनं देण्यात काही अर्थ उरत नाही.

“आमच्या गावच्या उपकेंद्रात डॉक्टर साहेब नसते, मायच्या बीपीच्या गोळ्या सीएचओ मॅडमच देते. हे कायद्यात बसते काय?”

बसतं, पद्धत पाळली असेल तर. गोळी सुरू करायची की नाही हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी, किंवा ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर दिसणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं. एकदा ठरलं की दर महिन्याला बीपी मोजून तीच गोळी देणं हे सीएचओचं काम आहे. बीपी आटोक्यात नसेल किंवा त्रास होत असेल तर मॅडमने पुन्हा डॉक्टरांशी बोलायचं. सरकारी कार्यक्रमात उपकेंद्रातून परिचारिका, एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) यांनी औषधं देण्यासाठी औषध नियमांच्या शेड्यूल केमध्ये सवलतही आहे.

एएनएमना आणि परिचारिकांना काही औषधं तर जीव वाचवण्यासाठी स्वतःच सुरू करायची परवानगी सरकारी मार्गदर्शक सूचनांनीच दिली आहे. प्रसूतीनंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून ऑक्सिटोसिन, झटके येणाऱ्या गरोदर बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, आजारी नवजात बाळाला पाठवण्याआधी जेंटामायसिन. म्हणजे ज्या बाईवर आपण मॅग्नेशियम सल्फेटसाठी विश्वास ठेवतो, तिला शहरातल्या वॉर्डात ताप आलेल्या रुग्णाला पॅरासिटामॉल द्यायला सही शोधत फिरावं लागतं. ही विसंगती संशोधनातून पुढे यायला हवी.

रात्रपाळीत डॉक्टर फोनवर सांगतात, “सिस्टर, आयव्ही पीसीएम लावा, पॅन द्या, सकाळी लिहितो.” हे काय झालं?

(पीसीएम म्हणजे पॅरासिटामॉल, पॅन म्हणजे ॲसिडिटीचं पँटोप्राझोल.) हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

तोंडी ऑर्डर ही डॉक्टरांचीच ऑर्डर आहे. ती घेताना औषधाचं नाव, मात्रा, मार्ग फोनवर परत वाचून दाखवायचं. केसपेपरवर वेळ आणि डॉक्टरांचं नाव लिहायचं. जमेल तिथे दुसऱ्या सिस्टरला ऐकवायचं आणि रुग्णालयाने ठरवलेल्या मुदतीत डॉक्टरांची सही घ्यायची. जास्त धोक्याची औषधं, म्हणजे इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम क्लोराइड, ओपिऑइड, यांची तोंडी ऑर्डर शक्यतो घेऊच नये.

पण खरी अडचण पुढे आहे. बहुतेक वेळा सिस्टरनेच फोन करून सांगितलेलं असतं, “सर, ताप 102 आहे, बीपी ठीक आहे, पीसीएम देऊ का?” पलीकडून “हो, द्या.” म्हणजे तपासणी सिस्टरची, अंदाज सिस्टरचा, औषधही सिस्टरने सुचवलेलं. कागदावर निर्णय डॉक्टरांचा. सगळं सुरळीत झालं तर तिचं नाव कुठेच नाही आणि बिघडलं तर पहिला जबाब तिचा घेतला जातो. डॉक्टरांनी ऑर्डर दिल्याचं नाकारलं तर तिच्या हातात काय असतं? वेळ आणि नाव लिहिलेली ती एक ओळ.

म्हणून मला अधिकाराचा प्रश्न मानापेक्षा जबाबदारीचा वाटतो. परिचारिका निर्णयात आजही आहेच. तिचा वाटा कागदावर यावा, त्याला प्रशिक्षण आणि कायद्याचं संरक्षण मिळावं, एवढी मागणी आहे. वेदना, ताप, मळमळ, बद्धकोष्ठता, जखमेची निगा एवढ्यापुरती लेखी स्थायी सूचना, म्हणजे कोणत्या लक्षणाला काय द्यायचं हे आधीच ठरवलेला कागद, प्रत्येक वॉर्डात असली, परिसेविकेने (वॉर्डच्या प्रमुख सिस्टरने) आणि युनिटच्या प्रमुख डॉक्टरांनी ती मिळून ठरवली आणि तिच्यावर दोघांची सही असली, तर रात्रीचे कितीतरी फोन वाचतील. रेसिडेंट डॉक्टरांची झोपही.

एनपीसीसी (नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर) केलं तर लिहिता येईल का?

स्वतंत्रपणे नाही. भारतीय नर्सिंग परिषदेचा हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम चांगला आहे आणि त्यात औषधशास्त्र नीट शिकवलं जातं. औषधांची कामं मात्र संस्थेच्या नियमावलीनुसार आणि स्थायी सूचनांनुसार करायची असतात. प्रवेश घेण्यापूर्वी ज्या रुग्णालयात काम करायचं तिथे या पदाची जागा आहे का, तेही विचारून घ्या.

भारतात यावर काम झालंच नाही का?

थेट परिचारिकांच्या चिठ्ठ्यांवर फारच थोडं. जवळपासचं काम मात्र मोलाचं आहे आणि त्यातलं सगळ्यात मोठं आपल्या विदर्भातलं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत आरोग्यदूत तयार केले. गावातल्याच, कमी शिकलेल्या बायका. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाल्याचं लक्षणांवरून ओळखायचं आणि आईवडिलांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं, हे त्यांना शिकवलं. 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या निबंधानुसार नियंत्रण गावांच्या, म्हणजे जिथे हे काम नव्हतं त्या गावांच्या, तुलनेत नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षापर्यंत 62 टक्क्यांनी घटला. त्या परिचारिकाही नव्हत्या. नेमका आजार, नेमकं औषध, काटेकोर प्रशिक्षण आणि सतत देखरेख असेल तर काय होऊ शकतं, हे नागपूरपासून काही तासांवर सिद्ध झालेलं आहे. आपल्या प्रबंधांत ब्रिटनचे संदर्भ पानभर आणि गडचिरोलीचा एकही नाही, असं होऊ नये.

शेजारच्या छत्तीसगडमधला अभ्यास आपल्या बाजूने नाही, तरी तोही वाचा. तिथे तीन वर्षांचा अभ्यासक्रम केलेले ग्रामीण वैद्यकीय सहायक प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करतात. कृष्णा राव आणि सहकाऱ्यांच्या 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे सहायक प्राथमिक उपचारांत एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीचे ठरले. खास प्रशिक्षणाशिवाय डॉक्टरांची जागा चालवणारे परिचारिका आणि औषधनिर्माते मात्र मागे पडले. याचा अर्थ परिचारिका कमी हुशार आहेत असा नाही. निदान आणि उपचार ठरवायला त्यांना शिकवलंच नव्हतं. अधिकार आधी आणि शिक्षण नंतर, असं करायचं नाही, हे यातून दिसतं.

हरियाणा आणि कर्नाटकातल्या 40 सामुदायिक आरोग्य केंद्रांत ‘एम-वेलकेअर’ चाचणी झाली. परिचारिका टॅबलेटवर माहिती भरायच्या, त्यातून उपचाराची सूचना निघायची आणि डॉक्टर लिहायचे. सुधारित नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत रक्तदाबात वेगळा फरक दिसला नाही. नुसतं यंत्र हातात दिल्याने काम होत नाही. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सुरुवातीचे जिल्हे निवडले त्यात भंडारा आणि वर्धा होते. ठरलेली औषधं, ठरलेल्या पायऱ्या, गावाजवळ औषध मिळणं आणि रुग्णाची नोंद, असं ते काम आहे. परिचारिकेच्या भूमिकेचा अभ्यास करायला याहून जवळची जागा कुठली शोधायची?

डॉक्टरांचा विरोध चुकीचा आहे का?

सगळा नाही. चुकलेलं निदान, औषधांचे आपसातले परिणाम, ‘गरिबांना दुय्यम उपचार’ ही भीती, हे खरे प्रश्न आहेत. शेवटचा तर मला फार गंभीर वाटतो. दूरच्या देवलापारच्या बाईला परिचारिका आणि शहरातल्या धंतोलीच्या बाईला स्पेशालिस्ट, अशी वाटणी कायमची होणार असेल तर ती नको.

पण महाराष्ट्रात एक गोष्ट बोचते. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी सीसीएमपी हा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला तर त्यांना आधुनिक औषधं लिहिता यावीत म्हणून 2014 मध्ये कायदे बदलले गेले. तो वाद न्यायालयात गेला आणि 2025 मध्ये पुन्हा पेटून डॉक्टरांनी संप केला. या सगळ्या चर्चेत, जी रोज तीच औषधं हाताळते, त्यांचे परिणाम रुग्णाच्या उशाशी उभी राहून बघते, तिचं नाव कुणी घेतलं नाही. सीसीएमपी योग्य की अयोग्य यावर इथे बोलत नाही. परिचारिका चर्चेत का नसतात, एवढंच विचारते.

अँटिबायोटिक्सचा सुळसुळाट वाढणार नाही का?

इंग्लंडमध्ये मॉली कोर्टने आणि सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या तेव्हा अँटिबायोटिक्सच्या चिठ्ठ्यांत परिचारिका आणि इतर बिगर-डॉक्टर व्यावसायिकांचा वाटा वाढत असल्याचं दिसलं. काम त्यांच्याकडे सरकलं की वाटा वाढणारच. म्हणून या गटाला वेगळं प्रशिक्षण हवं, हा त्यातला मुद्दा. आपल्याकडे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवायही मिळतं, तेव्हा मर्यादित यादीत ती सुरुवातीला घेऊच नयेत असं मला वाटतं. नवजात बाळांसारखे ठरलेले अपवाद सोडून.

परिचारिकांना तरी हे हवंय का?

सगळ्यांना नाही. एका वॉर्डात साठ रुग्ण आणि दोन सिस्टर असतील तर “आणखी एक काम नको” हे उत्तर अगदी बरोबर आहे. ब्रिटनमध्येही जादा जबाबदारी आली पण पगार तेवढा वाढला नाही, ही तक्रार संशोधनात वारंवार दिसते.

नागपुरात प्रबंध करायचा तर कोणता विषय घेऊ?

दृष्टिकोनाची प्रश्नावली सोडून काहीही.

तोंडी ऑर्डरचं ऑडिट घ्या. एका वॉर्डातले केसपेपर तपासा: किती ऑर्डर तोंडी आल्या, किती वाजता, कोणत्या औषधांच्या, सही किती वेळाने झाली, किती ठिकाणी झालीच नाही. स्थायी सूचना लागू करण्यापूर्वी आणि नंतर हेच मोजलं तर उत्तम काम होईल. प्रशासनाला त्रासदायक वाटेल, पण रुग्ण आणि कर्मचाऱ्यांची नावं काढून केलं तर ते सगळ्यांच्याच फायद्याचं आहे.

सिकलसेल घ्या. विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे. हायड्रॉक्सीयुरिया वर्षानुवर्षं चालतं, ठरावीक काळाने रक्ततपासणी लागते, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट उतरल्या तर थांबवावं लागतं. डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध परिचारिकेने नियमावलीनुसार चालू ठेवलं, तर रुग्णाचे नागपूरचे हेलपाटे किती कमी होतात? तपासणी वेळेवर होते का? किती जण मध्येच औषध सोडतात? दुसऱ्या पद्धतीला इतका चपखल बसणारा आजार दुसरा सापडणार नाही.

उपकेंद्रातल्या औषधवाटपासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे निर्देशक वापरा: एका भेटीत सरासरी किती औषधं, अँटिबायोटिक आणि इंजेक्शन किती टक्के भेटींत, जेनेरिक नावाने आणि अत्यावश्यक यादीतून किती. सोपे आहेत आणि इतर देशांशी तुलना करता येते.

मुलाखतीच घ्यायच्या तर रुग्णांच्या घ्या. पगारी दिवस बुडवून कामठीहून मेडिकलला फक्त बीपीच्या गोळ्यांसाठी येणाऱ्या माणसाला काय हवंय, ते कुणी विचारलेलं नाही.

परवानग्या काय लागतात?

संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, जुन्या केसपेपरचं ऑडिट असलं तरी. सरकारी केंद्रांत काम असेल तर जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा संबंधित अधीक्षकांची लेखी परवानगी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांतला संमतीविषयीचा भाग आधी वाचा. रुग्णांवर काही नवीन करून बघणार असाल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी करा. नंतर केलेली नोंदणी नियतकालिकं मान्य करत नाहीत. आणि चाचणीच्या नावाखाली परिचारिकेने आज कायद्यात नसलेली औषधं स्वतः सुरू करायची, असा आराखडा लिहू नका. समिती तो परत पाठवेल, आणि बरोबरच करेल.

निबंध शोधले तर फार थोडे सापडतात. काय चुकतंय?

बहुधा शोधशब्द. एकाच गोष्टीला ब्रिटनमध्ये ‘नॉन-मेडिकल प्रिस्क्रायबिंग’ म्हणतात, अमेरिकेत ‘प्रिस्क्रिप्टिव्ह ऑथॉरिटी’, आफ्रिकेतल्या अभ्यासांत ‘टास्क शिफ्टिंग’ किंवा ‘टास्क शेअरिंग’. भारतीय अभ्यास ‘मिड-लेव्हल प्रोव्हायडर’ आणि ‘नॉन-फिजिशियन क्लिनिशियन’ खाली दडलेले असतात. सगळे शब्द वापरून पबमेडवर शोधा, मग कोक्रेन, मग भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा. सरकारी महाविद्यालयात असाल तर जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मधून कोणती नियतकालिकं उघडतात ते ग्रंथपालांना विचारा. सारांश वाचून संदर्भ देऊ नका. ‘स्ट्रेच’सारख्या निबंधाचा सारांश आणि चर्चा वेगवेगळं सांगतात, आणि तोंडी परीक्षेत प्रश्न चर्चेवर येतो.